बळवंतचा हात

क्रुसाच्या सणाच्या सकाळी इसिडोरची मशीन पुन्हा बंद पडली आणि स्वयंपाकघरातून बायकोचा, तेरेसाचा, आवाज आला, "बळवंतभाऊंना फोन कर ना रे!"

इसिडोरच्या हातातला स्क्रूड्रायव्हर जागच्या जागी थांबला. मशीन बंद पडण्याचं दुःख त्याला नवीन नव्हतं. पण हे वाक्य कानावर आलं की त्याच्या पोटात जे दुखायला लागायचं, त्यावर मरोळच्या कुठल्याच डॉक्टरकडे औषध नव्हतं.

मशीन म्हणजे शिवणाची नव्हे, कपडे धुवायचीही नव्हे. तो होता युनिक्सवर चालणारा एक जुना मिनी कॉम्प्युटर. 'मिनी' हे नाव ज्याने ठेवलं, त्याने तो कधी हमालांबरोबर उचललेला नसणार. चांगल्या लोखंडी कपाटाएवढं ते धूड होतं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पंपाच्या कारखान्यात इसिडोरने उभी नोकरी या मशीनपुढे बसून काढली. कारखाना बंद झाला तेव्हा कोणी पंखे नेले, कोणी खुर्च्या नेल्या. इसिडोर मशीन घेऊन घरी आला.

गावठाणातल्या घरात ती कुठेच मावेना. शेवटी हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दाराच्या चौकटीत तिला बसवलं आणि स्वयंपाकघरात जायला अंगणाकडून दुसरं दार पाडलं. त्यामुळे मशीनचं तोंड हॉलमध्ये आलं आणि पाठ स्वयंपाकघरात गेली. तोंडाकडचा कारभार इसिडोरचा. पाठीवर तेरेसाने एक फुलाफुलांचा पडदा सोडला, आणि त्यानंतर तिकडे बघायचं इसिडोरला कधी कारणच पडलं नाही.

दर रविवारी तो मशीन लावायचा. कळ फिरवली की आतली तबकडी घरघरत वेग घ्यायची, पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची, मशीन आपल्या पोटातल्या फाइली एकेक करून तपासायची आणि सगळं ठीक असलं तर शेवटी बसणाऱ्याचं नाव विचारायची. नाव विचारलं म्हणजे मशीन उठली. एरवीच्या रविवारी ती शहाण्यासारखी उठायची. पण थंडी पडली, क्रुसाचा सण आला, नाताळ आला, की हमखास रुसायची. फाइली तपासता तपासता आतून 'ठक' असा आवाज यायचा आणि सगळं अंधारून जायचं. मग सणाला जेवायला बळवंत यायचा, कॅबिनेटवर हात ठेवायचा, आणि ती उठायची.

यावरून इसिडोरने फार पूर्वीच एक निष्कर्ष काढला होता. तिला बळवंत आवडतो.

हे दुखणं कारखान्यापासूनचं होतं. बळवंत वेसाव्याचा कोळी, ज्या कंपनीने मशीन विकली तिचा सर्व्हिस इंजिनीअर. वर्षभर मशीनला जपायचा इसिडोर. तिची धूळ पुसायचा, टेपवर रोजची नक्कल काढून ठेवायचा, एसीचं पाणी टपकायला लागलं तर स्वतः बादली धरायचा. त्याला कोणी कधी शाबास म्हटलं नाही, कारण चालू मशीनकडे बघतो कोण? बळवंत यायचा ती बंद पडल्यावर. ब्रीफकेस घेऊन. त्याला काचेच्या कपातून चहा, वर क्रीमची बिस्किटं. तो कॅबिनेटवर हात ठेवून डोळे मिटायचा, मग आत कुठेतरी काहीतरी करायचा, मशीन उठायची, आणि मोठे साहेब खाली उतरून त्याच्याशी शेकहँड करायचे. "मशीनला हात लागावा लागतो, साहेब," असं बळवंत म्हणायचा. आणि बाजूला बादली धरून उभा असलेला इसिडोर मनातल्या मनात त्या हाताची बोटं एकेक करून मोडायचा.

म्हणूनच यंदा सणाला त्याने बळवंतला बोलावलं नव्हतं. कारण आज मानसी मॅडम येणार होत्या.

मानसी मॅडम मुलुंडच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवत. तिथे जुन्या कॉम्प्युटरांचं एक दालन उभं राहत होतं. इसिडोरची मशीन मधोमध ठेवायची आणि शेजारी पितळी पाटी लावायची, पाटीवर ज्या माणसाने ती इतकी वर्षं जिवंत ठेवली त्याचं नाव, असं त्यांचं ठरत होतं. "पण काका, ती चालू बघायला हवी हं," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "बंद पडलेल्या आमच्याकडे पुष्कळ आहेत." त्या दिवसापासून इसिडोरला झोपेत पितळ दिसत होतं.

"फोन करतोस की नाय?" तेरेसाने पुन्हा विचारलं.

"काय गरज नाय त्याची! व्होल्टेज कमी आहे."

"मग मीच केलाय मघाशी. सणाला बोलावलं नाहीस म्हणून किती वाईट वाटलं असेल त्यांना! निघालेत ते मेट्रोने."

इसिडोरच्या अंगाचा तिळपापड झाला. तो तरातरा अंगणाच्या बाजूने स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. तोच आतून आवाज आला, "आत येऊ नको हां! पीठ फुगतंय!"

हा मात्र कायदा होता. सणाचे फुगे, म्हणजे नारळाच्या दुधात मळलेले, ताडी घालून आंबवलेले आणि मुठीतून पिळून तेलात सोडलेले मैद्याचे गोळे, विंदालूबरोबर खायचे. तेरेसाच्या आईचं म्हणणं असं, की त्यांचं पीठ वर येत असताना पुरुषमाणसाने डोकावलं तर ते बसतं. लग्न झाल्यापासून इसिडोरने बायकोचे बाकी सगळे कायदे कधी ना कधी मोडले होते, हा नव्हता मोडला. फुगे त्याला फार आवडायचे.

तो परत फिरला. आता बळवंत पोचायच्या आत मशीन उठवायलाच हवी होती.

आधी त्याने मशीनमधली सर्किट कार्डं बाहेर काढून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या. ही युक्ती मूळची बळवंतची, म्हणून ती त्याने खिडकी लावून घेऊन केली. कळ फिरवली. घरघर, अक्षरं, फाइली, ठक.

मग व्होल्टेज वाचवायला त्याने फ्रिज बंद केला, टीव्ही बंद केला, पंखेही बंद केले आणि घामाने निथळत कळ फिरवली. ठक.

"फ्रिज कोणी बंद केला?" आतून तेरेसा ओरडली. "आत कस्टर्ड आहे!"

"कस्टर्डला काय होतंय! माझ्या अब्रूचा प्रश्न आहे!"

आपल्या घरात येणारी वीजच खराब आहे, अशी आता त्याची खात्री पटली. शेजारच्या कीथच्या घराची चावी त्यांच्याकडेच असायची. कीथ सणाच्या कमिटीत, सकाळपासून गावठाणातल्या क्रुसापाशी मांडवात. इसिडोरने एक लांब वायर घेतली, खिडकीतून कीथच्या घरात नेली, तिथल्या प्लगला लावली, परत येऊन छातीवर क्रूस काढला आणि कळ फिरवली.

या वेळी ठक मशीनमधून आलं नाही. ते कीथच्या मीटरमधून आलं. कीथने मांडवाला वीज आपल्याच घरातून दिली होती, हे इसिडोरला कोणी सांगितलं नव्हतं. बाहेर दिव्यांच्या माळा विझल्या, आणि माइकवर बोलत असलेले फादर एकाएकी बिनमाइकचे झाले.

थोड्याच वेळात कीथ वायरचा माग काढत हॉलमध्ये आला. "अंकल, माझ्या घरातून लाइन ओढली तुम्ही?"

"टेस्टिंग होतं रे जरा."

"अरे फादर 'आणि आता आपण' इथपर्यंत आलेले! आता आपण काय, ते कोणालाच नाय कळलं. लोक अजून उभे आहेत तिकडे!"

पण लोक काही तिकडे उभे राहिले नव्हते. फादर ऐकू येत नाहीत आणि इसिडोरच्या घरात काहीतरी चाललंय, हे कळल्यावर निम्मा मांडव कीथच्या मागोमाग अंगणात आला होता. कीथने मीटर ठीक केला, वायर गुंडाळली, मांडवातले दिवे लागले, तरी कोणी परत जाईना. अशा भरल्या अंगणातून वाट काढत एक बाई आत आल्या, आणि त्यांची पिशवी हातात घेतलेला, इस्त्रीचा झब्बा घातलेला बळवंत.

"मॅडम मरोळ नाक्याला उतरून पत्ता विचारत होत्या," बळवंत म्हणाला. "म्हटलं चला, मी त्या घरचाच आहे."

'त्या घरचाच' हे शब्द इसिडोरच्या कानात तिखटासारखे गेले.

"काकांनी वाटेत एवढं छान समजावून सांगितलं ना," मानसी मॅडम म्हणाल्या. "या मशीनचा स्वभाव आणि सगळंच."

"स्वभाव!" इसिडोर म्हणाला.

दारात तेरेसा पदराला हात पुसत उभी. "या भाऊ! बसा, मॅडम! भाऊ, बघा ना, सकाळपासून रुसलीय."

बळवंतने मशीनकडे पाहिलं, पण जागचा हलला नाही. "घाई नको, वहिनी. आधी एक घाणा होऊ दे. पोटात काही पडल्याशिवाय मला फॉल्ट दिसत नाय."

"झालंच आहे पीठ. आता काढते!" तेरेसा आत पळाली. मशीनच्या पाठीमागे पडदा सळसळला, काहीतरी सरकवल्याचा आवाज आला आणि मग तेल चुरचुरायला लागलं.

बळवंतने निवांत फुगे खाल्ले. पाणी प्याला. हात पुसले. मग उठून त्याने कळ फिरवली आणि ती 'ऑटो' असं लिहिलेल्या खुणेवर ठेवली. "इथे ठेवली मॅडम, की मध्ये बंद पडली तरी आपली आपण परत उठते," त्याने सांगितलं. आणि डोळे मिटून कॅबिनेटवर हात ठेवला.

घरघर झाली. अक्षरं आली. फाइली तपासून झाल्या. सगळं अंगण श्वास रोखून होतं, आणि इसिडोर मनात 'ठक, ठक' म्हणत होता. स्वतःच्याच मशीनने बंद पडावं म्हणून माणूस देवाला गळ घालतो, यावरून त्याची अवस्था समजून घ्यावी. पण मशीनने गोड हिरव्या अक्षरांत नाव विचारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मशीनला हात लागावा लागतो," बळवंत म्हणाला.

"काका, तुमचं पूर्ण नाव सांगा ना," मानसी मॅडमनी बळवंतकडे वळून फोन उघडला. "पाटीसाठी."

इसिडोर उठला. कोणाशी न बोलता अंगणातून थेट स्वयंपाकघरात शिरला. पीठ आता फुगून झालं होतं, त्यामुळे कायदा मोडायचा प्रश्न नव्हता, आणि असता तरी आज तो शिरलाच असता. त्याला डोळ्यांवर पाणी मारायचं होतं.

तेरेसा कढईशी उभी राहून मुठीतून फुगे सोडत होती. इसिडोर बेसिनकडे वळला आणि त्याची नजर मशीनच्या पाठीवर गेली. पडदा एका बाजूला सारलेला. मागे गरम हवा बाहेर टाकायची जाळी. जाळीला लागून एक स्टूल. स्टुलावर एक जुनी गोधडी, आणि गोधडीत पातेल्याच्या आकाराचा खोल खड्डा.

"तेरेसा," तो म्हणाला, "पीठ कुठे ठेवतेस गो तू?"

"इथेच की. गोधडी गुंडाळून जाळीला टेकवून. काय मस्त ऊब येते! नायतर थंडीत पीठ हलत पण नाय."

"कधीपासून?"

"मशीन आली तेव्हापासून. तिचा दुसरा काय उपयोग?"

इसिडोरला सगळं एकदम कळलं. मशीनच्या नाकावर गोधडी. आत तापली, की आतला संरक्षणाचा खटका पडतो, ठक. बळवंत येतो. बळवंतसाठी फुगे करायचे म्हणून पातेलं उचललं जातं. बळवंत खात बसतो, तेवढ्यात मशीन निवते. आणि मग तो हात ठेवतो. मशीन घरी आल्यापासून हात नव्हताच कधी त्यात! इतकी वर्षं जे पोटात जळत होतं, ते फुग्यांच्या पिठावर जळत होतं.

हे धावत जाऊन सगळ्यांना ओरडून सांगावं, म्हणून तो दारापर्यंत गेला. पण ओरडणार काय? की मशीनपुढे जन्म घालवलेल्या ऑपरेटरने कधी तिच्या मागे जाऊन पाहिलं नाही? पाटी मिळायची राहिली बाजूला, कीथ हे नाताळपर्यंत गावभर सांगत फिरला असता. तो परत वळला. त्याला एक फार वाईट आणि फार सुंदर कल्पना सुचली होती.

"दुसरं पातेलं फुगायचंय ना तुझं? दे, मी ठेवतो."

तेरेसाने कौतुकाने पाहिलं. "आज काय सणाचं वारं लागलं तुला?"

इसिडोरने पातेलं गोधडीत गुंडाळलं, लेकराला निजवावं तसं जाळीला घट्ट टेकवलं, वरून पडदा सोडला आणि हातात फुग्यांची बशी घेऊन हॉलमध्ये जाऊन बसला. बळवंत मॅडमना आपलं आडनाव सांगत होता. मॅडमनी मग गाव विचारलं, नोकरीची वर्षं विचारली. इसिडोर बशीतला एक फुगा अगदी सावकाश खात राहिला.

ठक.

पडदा काळा झाला. अंगणातून "आईशपथ!" असा सामुदायिक आवाज आला.

"अरेरे," इसिडोर म्हणाला. "हात ठेव ना रे परत."

बळवंतने हात ठेवला. डोळे मिटले. काही झालं नाही. त्याने एक डोळा उघडून इसिडोरकडे पाहिलं, त्याच्या बशीकडे पाहिलं, आणि बाहीला लागलेल्या पिठाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"वहिनींना आणखी एक घाणा काढायला सांगतो," तो म्हणाला.

"तू बस. मी सांगतो."

"मीच सांगतो ना!"

दोघेही एकदम उठले, अंगणात एकमेकांना खांदे मारत निघाले आणि स्वयंपाकघरात शिरले. तेरेसा तिथे नव्हती. ती तेवढ्यात गर्दीतून मॅडमसाठी फुग्यांची थाळी घेऊन हॉलमध्ये गेली होती. बळवंत इकडेतिकडे न बघता सरळ मशीनच्या मागे गेला, पडदा सारला आणि गोधडीसकट पातेलं उचललं. जणू रोज तिथूनच उचलत असावा.

इसिडोरला तोंड मिटायला वेळ लागला. "तुला माहीत होतं?"

"हळू बोल."

"तुला माहीत होतं! कधीपासून?"

"पहिल्याच नाताळापासून. आल्या आल्या मागून फेरी मारली होती. सर्व्हिस इंजिनीअर आहे मी."

"मग बोलला का नाहीस?"

बळवंतने पातेलं छातीशी धरलं. "बोललो असतो तर परत बोलावलं असतंस? यंदा नाहीच बोलावलंस ना? मला कळत नाय काय रं, तू जळतोस ते? अरे, मी पण तुझ्यावर जळतो. कारखान्यात मी तासाभरासाठी यायचो आणि तू दिवसभर मशीनजवळ. आता तुझ्या घरात मशीन आहे, वहिनी आहेत. माझी सगुणा वारल्यापासून घरात सणाला तेल तापत नाय. मला एक हात ठेवायला मिळतो वर्षातून दोनदा. तो पण तुला खुपतो."

पिठाचं पातेलं जड होतं म्हणून इसिडोरने एका बाजूने हात लावला. "मला वाटायचं तिला तूच आवडतोस," तो म्हणाला.

"तिला फक्त हवा आवडते रे."

एवढ्यात हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. दोघे पातेलं धरूनच अंगणातून हॉलच्या दाराशी गेले आणि डोकावले.

कळ अजून 'ऑटो'वरच होती. पाठ मोकळी झाली, मशीन निवली आणि आपली आपण उठली होती. हिरवी अक्षरं नाव विचारत होती. मशीनशेजारी तेरेसा उभी होती. तिच्या एका हातात फुग्यांची थाळी होती, आणि दुसरा हात कॅबिनेटवर.

"काकू!" मानसी मॅडमचे डोळे विस्फारले होते. "तुम्ही नुसता हात ठेवलात आणि ही उठली!"

"पाय दुखतात गं, म्हणून टेकले जरा," तेरेसा म्हणाली.

"पण खरं सांगा, इतकी वर्षं हिला सांभाळतं कोण?"

"घरातलं सगळं कोण सांभाळतं?" तेरेसाने विचारलं, आणि अंगणातल्या यच्चयावत बायकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी फोन काढला, बळवंतचं नाव पुसलं आणि तेरेसाचं लिहायला घेतलं. मग सगळ्यांच्या आग्रहावरून तेरेसाने कॅबिनेटवर पुन्हा हात ठेवून फोटो काढून घेतला. डोळे तिने बरोबर मिटले होते. इतकी वर्षं बघत होती ती.

"मशीनला हात लागावा लागतो," ती फोटोवाल्याला म्हणाली.

दाराआड पातेल्याच्या दोन बाजूंना दोघे थिजून उभे होते.

"तिला युनिक्स म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का?" इसिडोर कुजबुजला.

"नुसती टेकली रे ती! टेकली!" बळवंतचा आवाज चिरका झाला होता.

दोघांच्याही पोटात सारखंच दुखत होतं. इसिडोरने त्याच्याकडे पाहिलं. उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्याला बळवंतचा राग आला नाही. गोधडीतून पीठ मात्र काठावर येऊन दोघांच्या बोटांवर उतरायला लागलं होतं.

"नाताळला येशील ना?" त्याने विचारलं.

"मशीन तर जाईल मुलुंडला."

"पीठ असेल ना. ये."

बळवंतने मान हलवली. "आणि पाटी लागली की? बघायला जायचं?"

"मी नाय जाणार," इसिडोर म्हणाला. "मला नाय बघवणार."

"मग मी पण नाय जात," बळवंत म्हणाला. "दोघं मिळून नको जाऊया."